खेळ हीच पहिली शाळा : बारडोलीच्या ऊसतोडणी तळांवरील मुलांच्या निमित्ताने

दसरा-दिवाळीचे दिवस सरले की नंदुरबार व धुळे जिल्ह्यांच्या पश्चिम पट्ट्यातील आणि शेजारच्या डांगमधील अनेक पाडे हळूहळू रिते होऊ लागतात. भाताची कापणी उरकलेली असते, घरातील धान्य पुढील पावसाळ्यापर्यंत पुरणारे नसते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. कोयता, चार भांडी, अंथरुणे, एखादी कोंबडी व लहान मुले घेऊन ही कुटुंबे सुरत जिल्ह्याची वाट धरतात. बारडोली, मढी, चलथाण, महुवा या ठिकाणच्या सहकारी साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो. पुढील पाच-सहा महिने उसाच्या फडालगतची मोकळी जागा हेच त्यांचे गाव होते.

बारडोली हे नाव भारताच्या इतिहासात शेतकऱ्यांच्या निर्धाराचे प्रतीक म्हणून ओळखले जाते. १९२८ साली सारावाढीविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी जो सत्याग्रह केला, त्याचे नेतृत्व करणारे वल्लभभाई पटेल त्या लढ्यापासून 'सरदार' झाले. पुढे काकरापारचा बंधारा आणि १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण यांमुळे या भागात कालव्यांचे पाणी खेळू लागले, उसाचे क्षेत्र वाढले आणि बारडोलीचा कारखाना देशातील मोठ्या सहकारी साखर कारखान्यांत गणला जाऊ लागला. या समृद्धीस परजिल्ह्यांतून व परराज्यांतून येणाऱ्या तोडणी कामगारांच्या श्रमाचा मोठा आधार आहे. त्यांच्याबरोबर येणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न मात्र महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांच्या सीमेवर दीर्घकाळ रेंगाळत राहिला आहे.

शाळेच्या दृष्टीने हे मूल वर्षाच्या मध्येच नाहीसे होते. गावच्या हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात आणि बारडोलीकडील शाळेच्या पटावर त्याचे नाव नसते. अशा मुलाजवळ शिक्षणाचे कोणते साधन उरते, या प्रश्नाचे पहिले उत्तर त्याच्या खेळात सापडते. म्हणूनच बालविकासात खेळाचे स्थान काय, हा सर्वसाधारण विषय या मुलांच्या संदर्भात अभ्यासणे शिक्षक, ग्रामस्थ व अधिकारी या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

खेळाविषयी शिक्षणतज्ज्ञांचा विचार

'खेळ म्हणजे अभ्यासाचा वेळ वाया घालविणे' अशी समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. परीक्षा जवळ आली की घरात प्रथम बंदी येते ती खेळावर. परंतु बालशिक्षणाचा शास्त्रशुद्ध विचार ज्यांनी केला, त्यांचे मत नेमके उलट आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी जी संस्था सुरू केली, तिला पुढे 'किंडरगार्टन' म्हणजे 'बालकांची बाग' असे नाव मिळाले. रोपाची वाढ ओढून-ताणून करता येत नाही, त्यास माती, पाणी व ऊन द्यावे लागते. बालकासाठी ही माती म्हणजे खेळ होय, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सॅन लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. 'खेळ' या शब्दापेक्षा त्यांना 'काम' हा शब्द अधिक प्रिय होता. मूल एखाद्या वस्तूशी तल्लीन होऊन पुन्हा पुन्हा तीच क्रिया करते तेव्हा ते स्वतःला घडवीत असते, हे त्यांनी निरीक्षणाने दाखवून दिले. मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांचे विचार हाताळण्यातून व करून पाहण्यातून कसे विकसित होतात याचा अभ्यास केला. रशियातील लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी मुलांच्या कल्पनाखेळाकडे लक्ष वेधले. मूल काठीला घोडा समजून दौडू लागते, तेव्हा एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी करण्याची विलक्षण शक्ती त्याने मिळविलेली असते. अक्षर हे ध्वनीच्या जागी व आकडा हा संख्येच्या जागी उभा असतो. काठीचा घोडा करणारे मूल अशा रीतीने वाचनाच्या व गणिताच्या उंबरठ्यावर येऊन ठेपलेले असते.

या विचारवंतांची मते तपशिलात भिन्न असली तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. खेळ हा शिक्षणानंतर द्यावयाचा विसावा नाही. लहान वयात शिकण्याची रीतच ती आहे.

तळावरील खेळांत काय दडले आहे

तोडणी तळावर विकत आणलेली खेळणी नसतात. तरीही तेथे खेळ असतो. कारण खडे, चिंचोके, काड्या, उसाची पाचटे, फुटक्या कौलाचे तुकडे आणि चिखल ही सामग्री कोठेही मिळते. या साध्या खेळांकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांतील शिक्षण स्पष्ट दिसू लागते.

पाच खड्यांचा किंवा सागरगोट्यांचा खेळ घेऊ. एक खडा वर उडवावयाचा आणि तो हाती येण्यापूर्वी जमिनीवरील खडे उचलावयाचे. पहिल्या फेरीत चार खडे एकेक करून, दुसऱ्या फेरीत दोन-दोन, तिसऱ्या फेरीत तीन आणि एक, चौथ्या फेरीत चारही एकदम. चार या संख्येचे निरनिराळे भाग मुलीच्या बोटांतून जातात. शाळेत फळ्यावर 'तीन अधिक एक बरोबर चार' असे लिहिण्यापूर्वी तिच्या हाताने ते शेकडो वेळा केलेले असते. त्याबरोबरच डोळा व हात यांचा मेळ बसतो आणि बोटांच्या त्या लहान स्नायूंना वळण लागते, ज्यांच्या आधारे पुढे लेखणी धरावयाची असते.

विटीदांडूत अंतराचे मोजमाप आहे. विटी किती दूर गेली हे दांडूने मोजावे लागते आणि मोजमाप बरोबर की चूक यावर भांडणही होते. एकच परिमाण पुन्हा पुन्हा लावून लांबी मोजणे हा भूमितीचा पहिला पाठ होय. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ही मोजणी 'वकट, लेंड, मुंड, नाल' अशा शब्दांनी केली जाई. या शब्दांचे तेलुगू भाषेतील एक, दोन, तीन, चार या संख्यावाचक शब्दांशी असलेले साम्य सहज ध्यानात येते. मोठी माणसे ज्या सीमा आखतात त्या मुलांच्या खेळाने कधीच ओलांडलेल्या असतात, याचा हा बोलका पुरावा आहे.

ठिकरीच्या खेळात जमिनीवर चौकटी आखाव्या लागतात, नेम धरावा लागतो आणि एका पायावर तोल सांभाळावा लागतो. लंगडी, लगोरी, शिवणापाणी यांत धावणे, वळणे, थांबणे, अंदाज घेणे या क्रियांनी शरीर चपळ होते. ज्या मुलाला आपल्या शरीराचा तोल सावरता येतो, त्याला वर्गात स्थिर बसणेही सोपे जाते.

भातुकलीचे महत्त्व त्याहूनही वेगळे आहे. मुले जे जीवन पाहतात तेच भातुकलीत उतरते. तोडणी तळावरील मुलांच्या खेळात पाचटाची झोपडी, उसाची मोळी, गाडी भरणे, वजनकाटा आणि हिशेब करणारा मुकादम ही दृश्ये येणे स्वाभाविक आहे. एक मूल मुकादम होते, दुसरे मजूर होते. संवाद होतात, रुसवे होतात, तडजोडी होतात. अशा खेळात शब्दसंग्रह वाढतो, वाक्ये लांबतात, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची सवय लागते. पहाटे अंधारात उठून फडात जाणाऱ्या आईची वाट पाहणारे मूल आपल्या मनातील भीतीही याच खेळातून बोलून दाखविते. त्याच्याकडे लक्ष देणाऱ्या बालसेविकेस मुलाच्या मनाची जेवढी ओळख अशा वेळी होते, तेवढी प्रश्न विचारून होत नाही.

नियम आणि न्याय

खेळाने मुलास समाजात वागण्याचे शिक्षण मिळते, असे नेहमी म्हटले जाते. ते कसे मिळते हेही पाहिले पाहिजे. खेळ सुरू होण्यापूर्वी मुले चकतात आणि राज्य कोणावर हे ठरवितात. त्यात वशिला चालत नाही. राज्य आलेल्या मुलास ते निमूटपणे घ्यावे लागते. रडीचा डाव खेळणाऱ्यास दुसऱ्या दिवशी कोणी बोलावीत नाही. नियम सर्वांनी मिळून केलेले असतात, म्हणून ते सर्वांनी पाळावयाचे असतात. पंचाशिवाय चालणारी ही शिस्त बाहेरून लादलेल्या शिस्तीपेक्षा अधिक टिकाऊ असते.

मुलांच्या या न्यायात करुणेलाही जागा आहे. फार लहान मूल खेळात येऊ पाहते तेव्हा त्याला हाकलून देण्याऐवजी मोठी मुले त्याला 'कच्चे लिंबू' करून घेतात. ते सर्वांबरोबर धावते, पळते, हसते. मात्र बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ पाहता पाहता ते खेळ शिकते आणि एके दिवशी पक्के गडी होते. शिक्षणशास्त्रातील एक मोठे तत्त्व मुलांनी आपल्या परीने येथे अमलात आणले आहे. वर्गात उशिरा येणाऱ्या, मध्येच जाणाऱ्या मुलाला कसे सामावून घ्यावे याचा धडा शाळेने मैदानावरून घ्यावा, असे म्हणावयास हरकत नाही.

भाषेचा पूल

तळावरील मुलांच्या भाषेचा प्रश्न बिकट आहे. घरी अहिराणी, भिली, मावची, पावरी किंवा कोकणा बोली. गावच्या शाळेत प्रमाण मराठी. बारडोलीच्या परिसरात गुजराती. सहा-सात वर्षांच्या मुलाला तीन भाषांच्या मध्ये उभे राहावे लागते. अशा मुलास वर्गात एकदम गुजराती पुस्तक हाती दिले तर ते गप्प बसते, आणि गप्प बसणारे मूल मंदबुद्धीचे आहे असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

खेळ येथे पुलाचे काम करू शकतो. कारण खेळ तेच आहेत, नावे तेवढी निराळी आहेत. आपल्या गोट्या गुजरातेत 'लखोटी' होतात, पाच खड्यांचा खेळ 'पांचीका' होतो, लगोरीला 'सतोडियुं' म्हणतात, आंधळी कोशिंबीर 'आंधळो पाटो' या नावाने आणि लपाछपी 'संताकूकडी' या नावाने खेळली जाते. बारडोलीच्या एखाद्या प्राथमिक शाळेतील मुलगी आणि नवापूरकडून आलेली मुलगी खड्यांच्या खेळास समोरासमोर बसल्या, तर पहिल्या दिवशी त्यांना एकमेकींची भाषा येण्याची गरज पडत नाही. आठ दिवसांत दोघींना एकमेकींचे आकडे मात्र पाठ झालेले असतात. आकडे, दिशा, रंग, शरीराचे अवयव, 'दे', 'घे', 'थांब', 'माझी पाळी' एवढे शब्द खेळातून आले की वर्गातील भाषेचे दार उघडते. नवी भाषा शिकण्यास भीतीमुक्त मन लागते, आणि ते खेळाइतके दुसरे कशानेही लाभत नाही.

खेळ कोण हिरावून घेते

खेळाचे हे गुणगान वाचून तळावरील मुलांचे बरे चालले आहे असा समज झाल्यास ती स्वतःची फसवणूक ठरेल. खेळास वेळ, सुरक्षित जागा, पुरेसे अन्न आणि जवळपास एखादे जाणते माणूस लागते. तोडणी तळावर या चारही गोष्टींची वाण असते.

तोडणीच्या कामात स्त्री-पुरुषांच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. उक्त्या कामात जितका ऊस तुटेल तितकी मजुरी. त्यामुळे पाने सोलणे, मोळ्यांसाठी ऊस गोळा करणे, वाढे बांधणे यांस मुलांचे हात ओढले जातात. दक्षिण गुजरातेतील तोडणी कामगारांच्या जीवनाचा अनेक वर्षे अभ्यास करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनीही मुलांच्या या सहभागाची नोंद घेतलेली आहे.

मुलींची स्थिती अधिक कठीण असते. आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन तळावर राहते. तीच पाणी भरते, भाकरी राखते, झोळी हलविते. ती खेळते तेव्हाही तिचे अर्धे लक्ष बाळाकडे असते. तिच्या वाट्यास आलेली भातुकली खरी असते आणि म्हणूनच तिच्यात खेळ उरत नाही. जागेचा प्रश्नही गंभीर आहे. एका बाजूस कालवा, दुसऱ्या बाजूस उसाने भरलेल्या वाहनांची रहदारी आणि सभोवार धारदार पाने व कोयते. अशा ठिकाणी मूल खेळू लागले की आईच्या जिवास घोर लागतो. शिवाय अर्धपोटी मूल फार काळ खेळू शकत नाही. जे मूल खेळत नाही, एका जागी बसून राहते, त्याच्या प्रकृतीची तपासणी प्रथम करावयास हवी, हे अंगणवाडी सेविका व आरोग्यसेविका यांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

खेळ हिरावला जाण्याचा आणखी एक प्रकार सुस्थितीतील घरांत दिसतो. तीन-चार वर्षांच्या मुलास पाटी-पेन्सिल देऊन अक्षरे गिरवावयास लावणे, त्याचा गृहपाठ घेणे, खेळास दिलेला वेळ वाया गेला असे मानणे ही प्रवृत्ती खेड्यांतूनही वाढत आहे. तळावरील मुलाचा खेळ दारिद्र्य हिरावून घेते, तर या मुलाचा खेळ पालकांची घाई हिरावून घेते. कारणे भिन्न असली तरी हानी सारखीच आहे.

बोर्डी-कोसबाडचा धडा

या प्रश्नास उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. बारडोलीच्या दक्षिणेस, गुजरातच्या सीमेजवळ असलेल्या डहाणू तालुक्यात त्याचा पाया घातला गेला आहे.

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाचे कार्य केले. गिजुभाईंनी तेथे १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरातील बालमंदिरे सुखवस्तू घरांतील मुलांपुरती राहतात, हे जाणवल्यावर ताराबाई १९४५ साली बोर्डी येथे आल्या आणि खेड्यातील व आदिवासी पाड्यांवरील मुलांसाठी त्यांनी कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले.

बोर्डीच्या अनुभवाने एक गोष्ट स्पष्ट केली. बालवाडी कितीही चांगली असली तरी पाड्यावरील मुले आपण होऊन तेथे येत नाहीत. तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. झाडाखाली अथवा झोपडीपुढील सारवलेल्या जागेत शिक्षिका बसू लागल्या. 'अंगणवाडी' या शब्दाचा व कल्पनेचा उगम येथला आहे. माँटेसरी पद्धतीची महाग उपकरणे परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, मातीची भांडी यांपासून शैक्षणिक साधने तयार झाली. मुलाच्या हाताला ओळखीची असलेली वस्तूच त्याचे पहिले पुस्तक बनली.

गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून कुरणातच शाळा भरविण्यात आली, तीच 'कुरणशाळा'. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी मुली घरी राहतात, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आल्या. बाळ पाळण्यात, मधले भावंड खेळात आणि मोठी बहीण वर्गात, अशी ही 'विकासवाडी'ची रचना होती. मुलीच्या कडेवरील भार उतरविल्याविना तिच्या हातात पाटी येणार नाही, हे सत्य त्यामागे होते. बारडोलीजवळच वेडछी येथे जुगतराम दवे यांनी आदिवासींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. उभय राज्यांना अशी परंपरा लाभलेली आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांस 'अंगणवाडी' हेच नाव देण्यात आले. नाव सर्वत्र पोहोचले. शाळेने मुलाकडे जावयाचे, हा नावामागील विचार तोडणी तळांपर्यंत पोहोचविणे हे कार्य अद्याप पूर्ण झालेले नाही.

कायदा व धोरण

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने १९८९ साली विश्रांती, खेळ व मनोरंजन हा बालकाचा हक्क मानला. तिच्या ३१ व्या अनुच्छेदात ही तरतूद आहे आणि भारताने १९९२ साली ही संहिता स्वीकारली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान आणि प्रत्येक वर्गास आवश्यक खेळसाहित्य असावे असे नमूद आहे. कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांच्या द्वारे शिक्षण देण्यास सांगितले आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी कलम ९ अन्वये स्थानिक प्राधिकरणावर आहे. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणावरून दुसऱ्या शाळेस प्रवेश लांबविता येत नाही, हे कलम ५ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने ३ ते ८ हा वयोगट पायाभूत स्तर मानून खेळ व कृती यांवर आधारित शिक्षणाचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात साखरशाळा, हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी पत्रक असे निरनिराळे उपाय वेळोवेळी योजण्यात आले. यांपैकी वसतिगृहांचा लाभ मोठ्या मुलांना होतो. तीन-चार वर्षांचे मूल मात्र आईबापांबरोबरच जाते, आणि त्याच्या शिक्षणाची जागा तळ हीच असते.

काय करता येईल

या सर्व विवेचनातून काही व्यवहार्य सूचना पुढे येतात.

गावच्या शिक्षकांनी कुटुंबे निघण्यापूर्वीच मुलांची यादी करावी, मुलाने काय शिकले आहे याची साध्या शब्दांत नोंद करून ती पालकांच्या हाती द्यावी आणि मुलांबरोबर एक लहानशी खेळपिशवी पाठवावी. तीत चिंचोके, रंगीत खडे, आगकाड्यांच्या रिकाम्या पेट्यांवर चिकटविलेली चित्रे, सुतळी, खडू एवढे साहित्य पुरेसे आहे. मोठ्या विद्यार्थ्यांनीच ते गोळा केल्यास खर्च जवळजवळ येत नाही.

बारडोलीकडील ग्रामस्थ, कारखाने व पंचायती यांनी तळ पडताच रहदारीपासून व कालव्यापासून दूर, कुंपण घातलेली एक सावलीची जागा मुलांसाठी राखावी. तळावरीलच एखाद्या स्त्रीस मानधन देऊन तेथे नेमल्यास मुलांची बोली जाणणारी बालसेविका आपोआप मिळते. तिच्या जोडीस जवळच्या अंगणवाडीतील सेविका असावी. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना स्थानिक अंगणवाडीतून आहार देय आहे. तो या मुलांनाही मिळेल याची दक्षता घेतली जावी. पाळण्याची सोय झाल्यास सांभाळणाऱ्या मुलीही शाळेकडे वळू शकतील.

शाळेतील शिक्षकांनी तळावरून आलेल्या मुलास पहिले पंधरा दिवस मैदानावर व खेळसाहित्याजवळ अधिक वेळ द्यावा. शिक्षकाने खेळाचा ताबा घेऊ नये. सामग्री पुरवावी, निरीक्षण करावे आणि योग्य क्षणी एखादाच प्रश्न विचारावा. 'आता किती खडे उरले?' किंवा 'तुझ्या बोलीत याला काय म्हणतात?' एवढा प्रश्न पुरे. खेळाची कवायत झाली की त्यातील शिक्षण संपते.

दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी हंगामापूर्वी एकत्र बसून कोणत्या गावची मुले कोणत्या तळावर जाणार याची माहिती परस्परांस द्यावी. मुकादमांजवळ कोयत्यांची यादी असतेच. तीत मुलांची नावे व वये यांसाठी एक रकाना वाढविणे अवघड नाही.

पालकांसही आपला वाटा उचलता येईल. मूल 'नुसते खेळते' असे म्हणण्याऐवजी ते काय खेळते हे रात्री त्याला विचारावे. आजीने शिकविलेला खेळ मुलास शिकवावा. त्यास एक पैसाही लागत नाही.

चैत्र-वैशाखात गळीत हंगाम संपतो, तळ उठतात आणि नवापूर-नंदुरबारकडे जाणाऱ्या गाड्या पुन्हा भरू लागतात. मागे राहतात त्या चुलीच्या काळवंडलेल्या दगडांच्या खुणा आणि मातीवर आखलेल्या ठिकरीच्या चौकटी. त्या चौकटींत मुलांनी सहा महिने आपली शाळा स्वतःच चालविलेली असते. परत आलेल्या मुलास 'तू अर्धे वर्ष काही शिकला नाहीस' असे शाळेने सांगू नये. ते काय शिकून आले हे त्याला विचारावे, आणि जे राहिले ते भरून निघेपर्यंत मुलांच्याच रिवाजाप्रमाणे त्याला कच्चे लिंबू म्हणून वर्गात घ्यावे. खेळातून एकाही मुलास बाहेर न काढण्याची मुलांची ही रीत शिक्षणव्यवस्थेने अंगी बाणविली, तर बारडोलीच्या ऊसफडालगत वाढणारे मूलही एक दिवस पक्के गडी होईल.